फेरीत दोनदा भेट

मुंबईहून आलेली भाची परवा म्हणाली, "मामी, तुम्ही आणि मामा लग्नापासून नाचताय. दोघांचा नाचतानाचा एखादा जुना फोटो दाखव की." मी ट्रंकेतून दोन पाकिटं काढली. एका पाकिटात हे होते. डोक्याला फेटा, हातात लेझीम, गुडघे वाकलेले, मागे गडीमाणसांची रांग. दुसऱ्यात मी होते. फुगडीतले फोटो, म्हणजे चेहरा पुसल्यासारखा, कारण फिरत्या बाईचा फोटो काही नीट येत नाही. दोघं एकत्र नाचतानाचा २०१५ च्या आधीचा एकही फोटो निघाला नाही. भाचीला वाटलं हरवला असेल. हरवला नव्हता, तसं कधी घडलंच नव्हतं.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात. इकडे लेझीम गड्यांची आणि ती चौकात. झिम्मा-फुगडी बायकांची आणि ती मागच्या अंगणात, नाहीतर देवळामागच्या पारावर. घरातून दोघं एकदमच निघायचो, वेशीपाशी वाटा वेगळ्या व्हायच्या. रात्री परत आलो की हे पाय चोळत बसायचे आणि मी खांदे. कोण कशात चुकलं हे एकमेकांना सांगत झोपायचो. चौतीस वर्षं असंच चाललं.

लग्न १९८१ चं. हे तेव्हा नुकतेच शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक म्हणून लागले होते. शिक्षण अमरावतीला, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात झालेलं, त्यामुळे यांची लेझीम शिस्तीची. चार आवाज, एक जगह, आदि लगाव, पवित्रा, दो रुख, आगे फलांग. हुकूम सगळे हिंदीत. गावातली लेझीम निराळी. ती हलगीवर चालते आणि तिला हुकूम लागत नाही. हलगीवाल्याने ठेका बदलला की चाळीस गडी आपोआप खाली बसतात. पहिली दोनतीन वर्षं यांची आणि गावातल्या जुन्या गड्यांची रोज भांडणं. "गुरुजी, शिट्टी खिशात ठेवा," असं एका म्हाताऱ्याने चौकात सुनावलं होतं. शेवटी शाळेत शिट्टी आणि गावात हलगी अशी वाटणी झाली.

१९८२ च्या नोव्हेंबरात दिल्लीला आशियाई क्रीडास्पर्धा होत्या. उद्घाटनाला आमच्या जिल्ह्यातले ४०० लेझीमवाले गेले, त्यांत हेही होते. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालेलं. आमच्या घरी टीव्ही कुठला! परत आल्यावर मी विचारलं, काय केलंत तिथे? यांनी जेवणं झाल्यावर अंगणात शेंगांचं पोतं ओतलं आणि शेंगा मांडून दाखवायला सुरुवात केली. ही पहिली ओळ, ही दुसरी, हे असे वळले, इथे बसले. मी विचारलं, यात तुम्ही कुठली शेंग? यांनी बराच वेळ शोधलं आणि कडेची एक उचलून मला दिली. मी ती सोलून खाल्ली. सासूबाई ओसरीवरून बघत होत्या, त्या म्हणाल्या, "झालं का दिल्ली बघून? भरा आता पोतं."

त्या रात्री मी पहिल्यांदा लेझीम हातात धरली. बाईने धरायची नसते असं कोणी सांगितलेलं नव्हतं, पण कुठल्या बाईने धरलेलीही मी पाहिली नव्हती. आवाज होऊ नये म्हणून साखळी पदरात गुंडाळून चार आवाज शिकले. मुकी लेझीम म्हणजे नुसती मनगटाची कसरत. हे शेजारी उभे राहून ओठांनी ठोके मोजत होते.

माझं नाचणं माहेराहून आलेलं. पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. दिंडं उकडून ठेवली की दिवसभर बायकांचे हात रिकामे, म्हणून तर पंचमीला फेर धरला जातो असं माझं मत आहे. बाकी कारणं भटजींना विचारा. पंचमीपासून गौरींपर्यंत अंग हलकं असायचं. फुगडी घालता येते असं बऱ्याच जणींना वाटतं, पण निम्म्या बायका हात ओढून फुगडी घालतात आणि मग खांदा धरून बसतात. पायांची बोटं एकमेकींच्या बोटांना भिडवायची, हात फुलीसारखे गुंफायचे आणि अंग मागे टाकायचं. ओढायचं नाही, टाकायचं. समोरची धरणार याची खात्री नसेल तर अंग टाकता येत नाही. डोळे समोरचीच्या चेहऱ्यावर ठेवायचे, जमिनीकडे बघितलं की गरगरलंच. तोंडाने पकवा, म्हणजे ठेक्याचा आवाज, सुरू झाला की वेग आपोआप वाढतो. थांबताना मात्र एकदम हात सोडायचे नाहीत. हे मी शेकडो मुलींना सांगितलं असेल आणि तरी दर वर्षी एखादी कुंपणात जाऊन पडतेच.

मी तीस वर्षं अंगणवाडी सेविका होते, त्यामुळे गावातल्या बहुतेक बायकांना मी त्यांच्या लहानपणी फेरात उभं केलं आहे. पोषण आहार, वजनं, लसीकरणाच्या नोंदी आणि त्यातून वेळ काढून कोंबडा, पिंगा, आगोटापागोटा. एकदा एक पर्यवेक्षिका भेटीला आल्या तेव्हा सगळी पोरं बसफुगडी घालत होती. त्यांनी वहीत काय लिहिलं माहीत नाही. लिहून झाल्यावर त्याही बसल्या.

एक गोष्ट मात्र मला जड गेली. माझी नणंद अठ्ठाविसाव्या वर्षी पांढरं कपाळ घेऊन माहेरी आली. त्या वर्षी गौरीच्या जागराला तिने फेर धरला आणि दोन्ही बाजूंच्या बायकांनी हात सोडले. भांडण नाही, शब्द नाही, नुसते हात सोडले. ती भिंतीला जाऊन टेकली. मी फेरातून निघाले, तिच्यापुढे जाऊन हात फुलीचे केले आणि म्हटलं, "वन्सं, चला." आम्ही दोघींनीच फुगडी घातली, बाकी सगळ्या बघत उभ्या. सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी चौघीजणी फेरात आल्या ज्या पूर्वी येत नव्हत्या. सासूबाई तेव्हाही बोलल्या नाहीत, पण चौघींना चहा त्यांनीच केला.

यांचं असंच भांडण हलगीवाल्यावरून झालं. सगळा नाच ज्याच्या हातावर, त्याची पंगत शेवटची आणि तीही बाहेर. यांनी एका वर्षी सांगितलं, तो आत बसेल तेव्हा मी बसेन. त्या रात्री दोघंही उपाशी घरी आले आणि मी अकरा वाजता पिठलं टाकलं. तिसऱ्या वर्षी पंगत एक झाली. हे सगळं सांगायला सोपं वाटतं. तेव्हा दोन वर्षं गावातली काही घरं यांना रामराम करत नव्हती.

हे २०१४ साली निवृत्त झाले. त्याच वर्षी २६ जानेवारीला सांगलीत ७,३३८ जणांनी एकाच वेळी लेझीम खेळून गिनीज बुकात नोंद केली, त्याला हे मदतीला गेले होते. रात्री घरी आले ते गप्प. "कसं झालं?" तर म्हणाले, "झालं की छान. पण एवढ्यात चुकला कोण ते कळत नाही गं. आपल्या चाळिसांत कळतं." निवृत्तीनंतर चाळीसही उरले नव्हते. पोरं पुण्याला, पिंपरीला. राहिलेल्यांना मिरवणुकीत डीजे हवा. डीजेवर मला राग नाही, त्यावर नाचतानाही पोरं घामाघूम होतात. पण त्यात कोणी कोणाला बघत नाही, प्रत्येकजण आपापल्या तंद्रीत. नवा माणूस आला तर त्याला जागा करून द्यायची कशी? फेरच नाही तर जागा कसली.

तेव्हा मी यांना म्हटलं, "अहो, तुमचे पंधरा उरलेत, माझ्या वीस आहेत. एकत्र करूया."

"बाईबापई एकत्र? गाव काय म्हणेल?"

"गावाने तुम्हाला दोन वर्षं रामराम केला नव्हता. मेलात का?"

तरी प्रश्न होताच. झिम्मा म्हणजे टाळी, फुगडी म्हणजे हात धरणं. पाटलांची थोरली सून कितीही धीट असली तरी चुलत सासऱ्याचा हात धरून नाचणार नाही, आणि तो चुलत सासराही मुंडी खाली घालून निघून जाईल. तीनचार दिवस विचार केला. मग शाळेच्या स्नेहसंमेलनातला गोफ आठवला. वर टांगलेल्या दोऱ्या धरून फिरत फिरत वेणी विणायची आणि उलटं फिरून ती उलगडायची, तो नाच. गोफात कोणी कोणाचा हात धरत नाही. प्रत्येकाच्या हातात आपापली दोरी. स्पर्श होतो तो दोऱ्यांचा, वर, माणसांच्या डोक्यावर. त्याला कोण काय म्हणणार? हे ऐकल्यावर हे हसायलाच लागले. "तू अंगणवाडीत नव्हे, तहसिलीत पाहिजे होतीस."

आता गोफ कसा उभा केला ते सांगते, कारण कोणाला करायचा असेल तर आमच्या चुका तरी वाचतील.

वर कडं लागतं. सायकलवाल्याने जुनी रिम फुकट दिली, आरे काढून टाकले. देवळाच्या सभामंडपाला चौदा फुटांवर लोखंडी पाइप आहे, तिथे रिम टांगली. आधी एकाच दोरीने टांगली आणि पहिल्याच दिवशी ती भिंगरीसारखी फिरली. वर कडं फिरलं की खाली विणलेलं पिळून जातं, मग वेणी कुठली आणि पीळ कुठला कळत नाही. म्हणून तीन ठिकाणी आवळून बांधली. दोऱ्या सोळा, आठ बायकांच्या आणि आठ गड्यांच्या. सुरुवातीला बैलांच्या कासऱ्याची नायलॉनची दोरी आणली. तिने हात सोलले आणि ती विणीत घट्ट बसेना, सारखी सरकायची. मग मी ट्रंकेतली सासूबाईंची दोन लाल सुती नऊवारी काढली आणि उभी फाडली. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट, रिमेला गाठ मारून चोवीस तरी हाताशी राहतं. विणताना बरीच लांबी खाल्ली जाते, त्यामुळे पाचवारी पुरत नाही. गड्यांच्या दोऱ्यांसाठी यांनी लेझमीच्या पथकाचे विटलेले केशरी फेटे दिले. द्यायच्या आधी एकेक फेटा उलगडून, हा कुणाचा, हा कुणाचा, असं करत बसले. फाडायचं काम माझ्यावर टाकून स्वतः बाहेर निघून गेले.

दोन आठवडे दोऱ्यांना हात लावू दिला नाही. फरशीवर फक्कीने वर्तुळ आखलं. बायका घड्याळाच्या दिशेने, गडी उलट. बायकांनी समोरून येणाऱ्या पहिल्याला आतून जायचं, दुसऱ्याला बाहेरून, पुन्हा आतून, पुन्हा बाहेरून, आणि गड्यांनी बरोबर उलट. एवढंच. लिहायला एक ओळ, पण पहिल्या संध्याकाळी सोळा माणसं एकमेकांवर अशी आदळली की हसण्यातच तास गेला.

बायकांना हे लवकर जमलं, गड्यांना नाही. मला आधी वाटलं गडी मुद्दाम करतात. पण कारण निराळं होतं. लेझमीत सगळ्यांची तोंडं एका दिशेला आणि समोर फक्त पाठ. समोरून माणूस येतोय आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून आपण वळायचं, याची त्यांना सवयच नव्हती. यांची तर सगळ्यात जास्त पंचाईत. आयुष्यभर बाहेर उभं राहून बाकीच्यांना मोजलेलं, आता स्वतः मोजणीत. आतबाहेर मोजताना ओठ हलायचे आणि समोरच्याला वाटायचं हे काहीतरी बोलतायत.

दुसरं भांडण लयीवरून. लेझीम एकदा धरलेला ठेका आपणहून सोडत नाही, फुगडीवाल्या बायका आपोआप वेग वाढवतात. पाच फेऱ्यांनंतर बायका गड्यांच्या पुढे निघून जायच्या आणि सगळी वीण तिरकी. हे म्हणत बायका पळतात, मी म्हणत होते गडी झोपतात. आमच्यात सत्तरीतल्या एक आजी होत्या, पूर्वी कधी फेरात नसणाऱ्या त्या चौघींतल्या एक. त्या म्हणाल्या, "माजं पाय तुमच्या शिट्टीवर न्हाईत चालत गुरुजी, आन् हिच्या पकव्यावर बी न्हाईत." हलगीवाला तेव्हा पाचटाच्या जाळावर हलगी शेकत बसला होता. काही न बोलता तो आला, आजींच्या पावलांकडे बघत उभा राहिला आणि त्या पावलावर ठेका धरला. त्या दिवसापासून आमच्या गोफाची लय तीच आहे. आजी गेल्या, ठेका राहिला.

दोऱ्या हातात आल्या तेव्हा खरी गंमत कळली. विणणं सोपं. चूक झाली तरी विणताना ती दिसत नाही, वर सगळं लालकेशरी सुंदरच दिसतं. चूक दिसते उलगडताना. उलट फिरायचं तेव्हा ज्याला शेवटी ओलांडलं तोच पहिल्यांदा समोर येतो आणि त्याला तसंच ओलांडायचं असतं. आमच्या सोळाजणांत एका फेरीत प्रत्येकाची सोळा ओलांडणी होतात. म्हणजे सुरुवात आतून केली तर फेरी पुरी होताना शेवटचं ओलांडणं बाहेरून. उलगडायला लागलं की सुरुवात बाहेरून करायची. पण सुरुवात म्हटलं की पाय आपोआप आतून जातो. एक पाय चुकीचा गेला की तीन हातांवर गाठ. पहिल्या महिन्यात आम्ही रोज स्टुलावर चढून गाठी सोडवल्या. एकदा सुटेचना, तेव्हा कात्री आणायला पोरगं पळालं. यांनी त्याला वाटेतच थांबवलं आणि दीड तास बसून गाठ सोडवली. तो फेटा कुणाचा होता ते मला माहीत आहे, इथे सांगत नाही.

गौरी जेवतात त्या रात्री, २०१५ साली, पहिला गोफ झाला. बाहेर पाऊस, मंडपात सगळं गाव. मी लाल दोरी धरून उभी आणि वर्तुळात माझ्या जवळजवळ समोर हे, केशरी दोरी धरून. हलगी सुरू झाली.

समोरासमोरून फिरणारी दोन माणसं एका फेरीत दोनदा भेटतात. सरावात मी हे हजारदा केलं असेल, पण तेव्हा लक्ष पायांवर. त्या रात्री पाय सरावलेले होते, म्हणून चेहरा दिसला. लग्नाला चौतीस वर्षं झालेली आणि नाचताना हे कसे दिसतात ते मी जवळून पहिल्यांदा बघत होते. कपाळाला आठ्या, ओठ हलतायत. पहिल्या भेटीत ते माझ्या आतून गेले आणि जाता जाता काहीतरी पुटपुटले. मला वाटलं मोजतायत. अर्ध्या फेरीनंतर पुन्हा समोर आले तेव्हा नीट ऐकू आलं.

"कुलूप लावलंस ना?"

उत्तर द्यायच्या आत ते पुढे गेले. मध्ये सात गडी ओलांडायचे, आतून, बाहेरून. पुन्हा समोर आले तेव्हा मी म्हटलं, "लावलंय." पुढच्या भेटीत ते म्हणाले, "किल्ली?" त्याच्या पुढच्या भेटीत मी कमरेला हात लावून दाखवला. वेणी खाली येत गेली, वर्तुळ लहान होत गेलं, भेटी लवकर लवकर व्हायला लागल्या. भाचीने जो फोटो मग पळवून नेला, तो याच वेळचा. त्यात आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसतोय आणि बघणाऱ्याला काय वाटायचं ते वाटो.

उलगडताना एक गाठ राहिलीच. माझीच चूक होती. बाहेरूनऐवजी आतून गेले.

त्यानंतर दर वर्षी गोफ होत आला, मध्ये खंडही पडले. २०१९ ला महापूर आला, तेव्हा मंडपात धान्याची पोती आणि अंथरुणं होती. नंतर करोनात दोन वर्षं दोऱ्या पोत्यात राहिल्या आणि उंदरांनी तीन कुरतडल्या. तेव्हा मी माझं स्वतःचं लग्नातलं नऊवारी फाडलं. फाडताना काही वाटलं नाही, कापड चांगलं निघालं याचाच आनंद झाला.

गेल्या वर्षी यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, गोल फिरायला मनाई. यांची केशरी दोरी आता नववीतली एक मुलगी धरते. गड्यांच्या बाजूने मुलगी, त्यावर अजून कोणी काही बोललेलं नाही. हे वर्तुळाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात, हातात शिट्टी, पण वाजवत नाहीत. खुर्ची एका जागी असल्यामुळे आता आमची भेट फेरीत एकदाच होते. काल सरावाला मी खुर्चीपाशी आले तेव्हा हे म्हणाले, "तिसरा गडी बाहेरूनच्या जागी आतून गेला." मी पुढे निघून गेले. पूर्ण फेरी मारून परत येईपर्यंत त्यांनी वाट बघितली आणि मग म्हणाले, "आणि दूध तापवलंस का?"